प्लेट गेली नव्हती

रविवार संध्याकाळ, राजाजीनगर

आज सुनेने, वेदाने, मला हुकूम सोडले आणि मी ते मुकाट्याने पाळले. लिहूनच ठेवतो.

गाडीचा क्लच सुटत नव्हता. इंजिन बंद असलं की गिअर पडायचा, चालू केलं की नुसती खरखर. शेजारच्या अण्णांसमोर मी सकाळीच ठणकावून सांगितलं, "क्लचची प्लेट गेली." वेदाने पेडल दाबून पाहिलं. "मामा, हे स्पंजासारखं लागतंय. क्लचच्या तेलाच्या पाइपात हवा आहे." मी हसलो. का हसलो?

क्लचच्या खालच्या सिलिंडरच्या रबरातून तेल गळत होतं. तिने ते रबर बदललं. मग हवा काढायला ती गाडीखाली, मी सीटवर, पाय पेडलवर. "दाबा. धरून ठेवा. आता सोडा." बाहेर फक्त तिचे पाय दिसत होते, जोडवी तेलाने काळी. एकदा मी घाईत सोडलं. "मामा! पुन्हा हवा शिरली!" या घरात मला असं कोण ओरडलंय?

शेवटी पेडल टणक लागलं. ती बाहेर आली, गाडी चालू केली. रिव्हर्स पडला, आवाज नाही.

अण्णा फाटकाशी आले. "प्लेट बदलली काय?"

मी त्या काळ्या जोडव्यांकडे पाहिलं. "नाही अण्णा. मी चुकलो होतो. हिने बरोबर ओळखलं."

चुकलो म्हणताना छाती इतकी कधी फुगली नव्हती.