दोन तासांनी एक थेंब

आसगाव,
ता. १२ नोव्हेंबर २०२४

चि. सुशीलेस अनेक आशीर्वाद.

तू अन् जवाई बरे असाल. इकडे सगळं ठीक आहे. धान कापणीले आला, तलावात पाणी भरपूर आहे. पुढच्या गुरुवारी गावची मंडई, जत्रेत रात्रीच्या नाचगाण्याले दंडारवाले ठरले आहेत. फोन करणार होतो, पण तू उचलत नाहीस, अन् उचलला असता तर मी काय बोललो असतो कोण जाणे. अक्षर वाकडं दिसलं तर पेनाले दोष दे.

एक लहानसं काम निघालं आहे. सोमवारी नागपूरले डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. मोतीबिंदू नाही, काचबिंदू. डोळ्याच्या आत घडीघडी सूज येत होती, तिनं पाणी बाहेर जायची वाट बुजवली. डॉक्टरीण बाई तरुण आहे, पण समजावते चांगली. म्हणे, पाणी तुंबून दाब वाढला, नवी वाट करून द्यावी लागते. मी म्हटलं, बाई, तलावाची पाळ सांभाळण्यात माझा जन्म गेला, हे मले कळते. तीन महिने गोळ्या खाऊन सूज शांत राहिली, तेव्हा कुठं तारीख भेटली.

गेलेली नजर काही वापस येत नाही म्हणते. आहे तेवढी राखायची.

सुशी, उजवा डोळा गेला. पेनाचा दोष नाही.

तुझी वहिनी होती तोवर डोळ्यात सुजेच्या औषधाचे थेंब तीच टाके. मी खाटेवर उताणा, अन् टाकून झालं की शकु पदरानं माझा गाल पुसे. तिची तेरवी झाली अन् तू माझ्यासाठी थांबलीस. बाटली घेऊन जवळ आलीस, तर मी पाहुण्यांच्या देखत तुझा हात झटकला. म्हटलं, "तू शकु नाहीस. जा आपल्या घरी." तू गेलीस.

मी बाटली तिच्या फोटोमागं ठेवली अन् दोन वर्षं हात लावला नाही. डोळा लाल झाला की धानाचं कुसळ गेलं म्हणत राहिलो. तुझा राग नव्हता गं. दुसऱ्या कोणाचा हात डोळ्यावर आला की शकु खरंच मेली असं होईल, म्हणून भ्यालो. चूक माझीच आहे.

ऑपरेशननंतर दर दोन तासांनी थेंब टाकायचा आहे, तोही बरेच दिवस. आरशासमोर साधं पाणी घेऊन शिकून पाहिलं, सगळं गालावर येते. शेजारचा गोमाजी तयार आहे, पण त्याचा हात कापते, परवा त्यानं थेंब नाकात टाकला. डॉक्टरीण बाईनं विचारलं, घरी कोण आहे? मी म्हटलं, बहीण आहे. तिनं कागदावर तुझं नाव लिहून घेतलं. खोटं बोललो का, ते आता तू ठरव.

दोन मंडया गेल्या, तुले बोलावणं धाडलं नाही. या वर्षी धाडून राहिलो. बुधवारी मी घरी येईन. बाटली उशाशी राहील.

या वेळी हात न झटकणारा,
तुझा दादा
श्रावण