व्हायब्रेशनची पट्टी सेकंदभर मागे

आप्पा,

तुम्ही जाऊन चार वर्षं झाली, तरी तुमच्याशी वाद घालायची माझी सवय गेलेली नाही. टेस्ट बेंचवर पंप चढवला की मी मनातल्या मनात विचारते, आता काय म्हणता? गेल्या आठवड्यात मात्र मी हरले, आणि तेव्हापासून हातचं काम सुचत नाही.

डिप्लोमा करून मी कारखान्यात आले तेव्हा पंप तपासायचं काम पूर्ण तुमच्या हातात होतं. तीन पेनांचं ते जुनं यंत्र कागद ओढत चालायचं. प्रेशर, तेलाचं तापमान आणि व्हायब्रेशन, तीन रंगांच्या तीन रेघा. पेनं एकमेकांना धडकू नयेत म्हणून थोडी पुढंमागं बसवलेली असत, त्यामुळे एकाच क्षणाच्या खुणा कागदावर वेगवेगळ्या जागी पडत. हे मला कुठं ठाऊक? पहिल्याच आठवड्यात मी कागद बघून भलताच निष्कर्ष लिहिला आणि तुम्ही सगळ्यांदेखत झापलंत, "रेघ दिसली म्हणून वाचायची नसती पोरी. ती कुठनं आली ते आदी इचार." मी रडकुंडीला आले. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्यासमोर स्टीलची सहा इंची फूटपट्टी ठेवलीत, पेनांमधल्या अंतराच्या खुणा स्वतः कानशीनं कोरलेली. असं रागवायचं आणि वर असं द्यायचं, तुम्हालाच जमायचं ते.

मग कॉम्प्युटर आला आणि प्रोग्राम करायचं काम माझ्याकडे आलं. पडद्यावर चौकोन मांडायचे, एकातून दुसऱ्यात तार ओढायची, तुम्ही मागं उभं राहून म्हणायचात, "ह्यो तर लायटीच्या फिटिंगचा धंदा झाला." शेवटी आलेख यायचा, एकाखाली एक तीन पट्ट्या, तिघींना खाली वेळेची रेघ एकच. त्या रचताना मी आठ दिवस झगडले. एकीची उंची वाढवली की दुसरी चेपायची. मोजमाप आपोआप बदलायचं आणि बारीकशी थरथर डोंगराएवढी दिसायची. व्हायब्रेशनची रेघ तर नुसती केसाळ. साहेबांना स्वच्छ रेघ हवी होती, म्हणून त्या एकाच तारेवर मी वीस रीडिंगची सरासरी काढणारा चौकोन बसवला. रेघ लोण्यासारखी मऊ झाली. साहेबांनी कौतुक केलं आणि, खोटं कशाला सांगू, मी दोन दिवस हवेतच होते.

त्यानंतर महिन्याभरात तो मोठा पंप बेंचवर जाम झाला. तुम्ही सांगितलंत की बेअरिंग गेलं. थरथर आधी वाढली, प्रेशर नंतर पडलं, तुमचा हात पंपावरच होता. पडद्यावर उलटं दिसत होतं. प्रेशर आधी पडलेलं, थरथर नंतर. म्हणजे पंपाला तेल कमी पडलं, म्हणजे तेलाचा व्हॉल्व्ह पुरता उघडलेला नव्हता, आणि तो उघडायचं काम तुमचं. पंप खोलला तर आत सगळंच खरवडलेलं, त्यावरून काही ठरेना. साहेबांनी पडद्यावर विश्वास ठेवला.

तुम्ही माझ्याकडे वळलात. "तुझ्या पट्ट्या एकमेकीला धरून चालत्यात न्हवं? आमची पेनं पुढंमागं असायची."

"कॉम्प्युटरला पेनं नसतात, आप्पा," मी म्हणाले. सगळे हसले. तुम्हीही हसलात. पुढच्या महिन्यात तुम्हाला स्टोअरमध्ये बसवलं, आणि निवृत्त होईपर्यंत तुम्ही बेंचकडे फिरकला नाहीत.

गेल्या आठवड्यात नवे साहेब म्हणाले, खालची थरथरीची पट्टी वरच्या दोघींशी जुळत नाही, बघा जरा. मी पंपावर हात ठेवला आणि प्रेशर एकदम सोडलं. हिसका हाताला त्याच क्षणी कळला. पडद्यावर मात्र प्रेशरची रेघ पडली आणि थरथरीची रेघ सेकंदभरानं सावकाश चढली. सरासरीचा चौकोन काढला, तशा दोन्ही बरोबर हलल्या. वीस रीडिंग जमेपर्यंत ती एकच रेघ मागं राहत होती. मग तुमच्या त्या पंपाची फाइल उघडली. सरासरी काढण्याआधीचे मूळ आकडे तिच्यात होते. थरथर आधी, प्रेशर नंतर.

रविवारी कंग्राळीला तुमच्या घरी गेले. काकू शेंगा फोडत होत्या. विषय त्यांनीच काढला. "व्हॉल्व्ह त्येंनी खरंच उघडला न्हवता काय गं? शेवटी शेवटी म्हणायचे, मीच इसरलो आसंन. जेवता जेवता हात असा फिरवून बघायचे."

तुम्हाला स्वतःच्या हाताचाही भरवसा राहिला नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

"न्हाय काकू, उघडलता. पुरता उघडलता. कॉम्प्युटर चुकलता."

काकूंनी पदर डोळ्याला लावला. मग मलाच जवळ घेऊन म्हणाल्या, "मुद्दाम सांगाय आलीस, लई बरं केलंस बग." भाकरी खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही.

कारखान्यात मी लेखी दिलंय, चौकोन माझा होता आणि दोष तुमचा नव्हता. त्याला फार धाडस लागलं नाही. तिथं आता तुम्हाला ओळखणारं कोण आहे? काकूंनाही सगळं कळावं, त्यांच्या नातीनं वाचून दाखवावं, म्हणून हे लिहायला बसले होते. पण आता हे त्यांना देणार नाही. दिलं तर एक गोष्ट लिहावी लागेल, आणि ती वाचल्यावर त्या मला पुन्हा जवळ घेतील असं वाटत नाही. त्या दिवशी सगळे हसत होते ना, तेव्हाच मला तो सरासरीचा चौकोन आठवला होता.