तारागोनाला नेलेला नारळ

३१ जुलै २०१६, उंटरश्लाइसहाइम, जर्मनी
आमचं रेस्टॉरंट ऑगस्टमध्ये दोन आठवडे बंद. ताई-भावोजींनी स्पेनला, तारागोनाला, माझंही तिकीट काढलं. नारळी पौर्णिमा तिथेच येते. आई फोनवर म्हणाली, "यंदा समुद्राला नारळ दे. घरात पुरुष आता तूच." बाबांची होडी परत आली नाही, तेव्हापासून आमच्या घरचा नारळ समुद्राला गेलेला नाही. मीही पाण्यात पाय घातलेला नाही. बघू, एवढंच म्हणालो.

११ ऑगस्ट
नारळ मिळाला. तासून गुळगुळीत, शेंडी नाही. असा चालतो का, ताईला दोनदा विचारलं.
"समुद्र काय शेंडी बघतो?"
भावोजी म्हणाले, "तिरुपतीला जाऊन आलेला दिसतोय."

१६ ऑगस्ट, तारागोना
रोमन लोकांचं अँफीथिएटर अगदी समुद्रावर. झिजलेल्या पायऱ्या. मी पाण्याकडे पाठ करून बसलो.
संग्रहालयात जहाजाचा शिशाचा नांगर आहे, समुद्राच्या तळातून काढलेला. त्यावर देवीचं नाव कोरलंय, असं भावोजींनी वाचून सांगितलं. कुणी किती जपून कोरलं असेल. तरी तळाशीच गेला. बाबा होडीवर एकवीरेचं नाव दर वर्षी स्वतः रंगवायचे.


१८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
सकाळी ताईने राखी बांधली, नारळाला हळद-कुंकू लावलं. किनाऱ्यावर गर्दी, छत्र्या. पाण्यात गुडघ्यापर्यंत गेलो. 
ताई मागून, "सोड आता."
हात उघडेना. छोटी भाची इरा जर्मनमध्ये म्हणाली, मामाला तो ठेवून घ्यायचा असेल.
"राहू दे गं," भावोजी ताईला म्हणाले.
परत आणला.

२१ ऑगस्ट, उंटरश्लाइसहाइम
आईला खरं ते सांगितलं. ती म्हणाली,
"पाण्यात किती गेलास?"
"गुडघ्यापर्यंत."
"थंड होतं?"
"नाही."
"बरं."
भावोजींनी नकाशा काढला. इथली इसार नदी डॅन्यूबला मिळते, डॅन्यूब काळ्या समुद्राला. इथेच सोड म्हणाले. आईला विचारलं.
"पार्सल आहे का ते, दुसऱ्याच्या हाती पाठवायला? समुद्राला आपल्या हाताने द्यायचा."
ताई सुरी घेऊन उभी. खराब होण्याआधी नारळीभात करते म्हणे. फोडू नकोस म्हणालो.
"मग समुद्रावर परत कधी जाणार आहेस?"
डिसेंबरात, असं तोंडातून गेलं.