पानाच्या तळाची ओळ

सोमवार, ४ सप्टेंबर
बेटावर पोचलो. बायको, टुरिड, घराच्या पायरीवर बसून समुद्राकडे बघत हसतेय. वीस वर्षांत ओस्लोने तिला असं हसवलं नव्हतं. मी तर नाहीच. संस्कृतावर पोट भरेना, म्हणून नगरपालिकेचं काम घेतलं. रहिवाशांच्या नोंदींच्या बंद पीडीएफ उलगडायच्या आणि लिहिता-खोडता येतील अशा वर्ड फाइली करायच्या. शास्त्रात याला मोक्ष म्हणतात. दफ्तर सांभाळणारी गुनवोर मात्र, नाव विचारायच्या आधीच, म्हणाली की बंद आहे तेच बरं आहे.

शुक्रवार, ८ सप्टेंबर
शुक्रवार म्हणजे कचेरीत वॉफल. गुनवोरचा भाऊ ईलिफ बंदरावरून पाइप ओढत आला, पोटभर खाऊन गेला. जाताना मला म्हणाला, पंडिता, तोंड पाडून काय खातोस, वॉफल आहे, औषध नाही. नंतर पहिली फाइल उलगडली, टुरिडचं नि माझं नावही तीत घातलं. एका पानाच्या तळाची ओळ गळलेली दिसली. सोमवारी बघू. जुनी प्रत रीतीप्रमाणे पुसली. एका कागदाच्या दोन प्रती ठेवणं या लोकांना पाप वाटतं.

सोमवार, ११ सप्टेंबर
ईलिफचं घर नाही. तिथे गवत आहे, मेंढ्यांनी चरलेलं, जुनं. कचेरीत सगळे विचारतात, कोण ईलिफ? गुनवोरने विचारलं नाही. गळलेली ओळ त्याचीच.

मंगळवार
ओळ पुन्हा टंकली. आठवलं तेवढी. ईलिफ, बंदर, पाइप, हसरा.
दुपारी तो दारात उभा. हसत.

गुरुवार
अजून हसतोय. बहिणीला ओळखत नाही. झोपत नाही — झोपेचं मी लिहिलंच नव्हतं.

शुक्रवार
वॉफल नाहीत. गुनवोर माझ्या टेबलाशी आली. फाइल तिच्याही संगणकावर उघडते. आवाज न चढवता म्हणाली, “माझा भाऊ तू एका ओळीत परत आणलास. आता बघू, बायको कितीत आणतोस.”
घरी धावलो. पायरी रिकामी. फडताळात एकच कप.

शनिवार
लिहितोय. टुरिड. पायरीवर बसते. समुद्र आवडतो. हसते —
नको. ‘हसते’ खोडलं.
चहात साखर? झोपेत कुठल्या कुशीवर? कशाला भिते? वीस वर्षं, आणि पान भरत नाही —
फाइलीत दुसरा कर्सर. माझ्या ओळीवर. आडनाव गेलं.
आधी ती. आधी तिचं —
डोळे घारे. नाही, करडे. टुरिडचे डोळे