पांढऱ्या तुकड्याचा रंग

२ मे, शुक्रवार
किनारपट्टी आराखड्याचा नकाशा गेला एकदाचा! कोकणातली खाडी, सोलापुरात बसून रंगवली. उपग्रहाच्या फोटोवर पाणथळ असेल तिथं निळा, पडीक असेल तिथं पिवळा. खारफुटीमागचा पांढराफटक तुकडा मी पिवळा केला. सांगोल्याकडं आमच्या रानामागचं पडीक अगदी असंच दिसतं. ऑफिसातले सर खूश — "एका दिवसात? शाब्बास."

समुद्र मी अजून पाहिलेला नाही. विचारतंय कोण!

४ मे, रविवार
गावी आले. आबांना फोनवर तो फोटो दाखवला, उगीच, कौतुक करून घ्यायला. बाप माझा, जन्म मेंढरांमागं गेलेला. चष्मा पुसून पुसून बघत राहिला.

"ही जनावरांची वाट न्हवं? मग वळसा घालून का गेलीया?"

"पडीक आहे ते, आबा."

"पडीक असतं तर जनावर सरळ गेलं असतं की. हितं पानी येत असणार पोरी. पाय रुततोय त्यास्नी."



५ मे
पौर्णिमेच्या उधाणाचे जुने फोटो काढले. तुकडाभर पाणी! कडेला खारफुटीची नवी रोपंसुद्धा. समुद्र चढेल तशी खारफुटी मागं सरकते, आणि तिला सरकायला जागा एवढीच. पिवळी म्हणजे बांधकामाला मोकळी; तिथं भराव पडणार. मग पुढची खारफुटी आहे तिथंच बुडणार — माझ्या एका क्लिकनं.

सर म्हणाले, "गेलेल्या नकाशाला हात लावायचा नाही."

१९ मे
आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. हरकतींना एक महिना. कोपऱ्यात नकाशा काढणाऱ्याचं नाव, माझं. शेजारच्या टेबलावरची रेश्मा म्हणते, "गप बस की. नोकरी जाईल." खरं आहे. घरात पगार माझाच येतो.

११ जून
गप्प बसले आहे. लाज वाटते.

१८ जून
परत सरांकडं गेले. चूक माझी, म्हटलं, दुरुस्त करू द्या. ते चक्क हसले.

"चूक कुठाय? म्हणून तर हा भाग तुला दिला. कोकणातल्या पोराला दिला असता, तर त्यानं तिथं पाणी दाखवलं असतं."

मला कळत नाही, म्हणून मला निवडलं! अंगाची नुसती आग झाली.

१९ जून
अर्ज पाठवला.
नकाशा काढणाऱ्याचं नाव: सुकन्या बिरप्पा सलगर.
हरकत घेणाऱ्याचं नाव: सुकन्या बिरप्पा सलगर.