उर्मिलाचं पीठ

नागपूर, १२ जानेवारी १९८७

ती. जयूताईस उर्मीचा नमस्कार.

बाबांच्या पायाच्या अंगठ्याची जखम भरली का? साखरेच्या आजारात जखम लवकर भरत नाही, म्हणून काळजी वाटते. इथे प्रयोगशाळेत मी ज्वारीच्या स्टार्चच्या मागे लागून राहिली आहे. एन्झाइमनं त्याच्या रेणूंच्या फांद्या तोडायच्या, मग थंडीत घट्ट बसू द्यायचं. म्हणजे तो पोटात हळूहळू पचतो आणि रक्तात साखर एकदम चढत नाही. पण एन्झाइम जरा जास्त चाललं की सगळ्याचा गोड पाक! वीज गेली की थंड कपाटही गरम. परवा मात्र परीक्षानळीत जमलं. इथे कामाला आलेल्या दिलीपभाऊजींसोबत डबाभर पीठ पाठवते. भाकरी थापता येते का, एवढंच कळव. बाबांना देऊ नको.

माया असू दे.
उर्मी

सौंसर, २४ जानेवारी

चि. उर्मीस आशीर्वाद.

तुझ्या डब्यानं घात केला. मी शाळेत शिकवायला गेली की बाबा आईकडून त्याच्या भाकरी करून घेत. वर संत्र्याची बर्फी! आईनं टोकलं तर म्हणाले, पोरीनं माझ्यासाठीच केलं, आता भेव कायचं? परवा चक्कर येऊन पडले. पांढुर्ण्याच्या दवाखान्यात ठेवलं आहे. साखर फार चढली, जखम चिघळली. अंगठा वाचेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. एवढं कच्चं होतं तर पाठवलं कायला?

रागावली असली तरी तुझीच,
जयू

नागपूर, २९ जानेवारी

ती. ताईस नमस्कार.

पत्र मिळालं. लगेच उरलेल्या पिठाची भाकरी भाजून तपासली. तव्यावर शिजताच पहिल्यासारखीच साधी ज्वारी! हे आधीच पाहायला हवं होतं. आमचे सर म्हणतात, निबंधात भाकरीचं लिहू नको, नळीतला निकाल पुरे. मी नाही म्हटलं, तर बोलणंच टाकलं त्यांनी. दोन वर्षं पाण्यात गेली. सगळं सोडून घरी यावंसं वाटते. बाबांना कोणत्या तोंडानं सांगू?

लोभ तोडू नको.
उर्मी

पांढुर्णा, ३ फेब्रुवारी

चि. उर्मिलास आशीर्वाद.

जयूनं तुझं पत्र दवाखान्यात वाचून दाखवलं. अंगठा काढावा लागला. दुखणं आता कमी आहे. खाण्याचा हट्ट माझा होता, त्याचं ओझं तू घेऊ नको. सोडून तर मुळीच येऊ नको. पण भाकरीचं लिहिल्याशिवाय निबंध कुठं देऊ नको, माझ्यासारखा कोणी वाचून जेवायला बसेल. सर रागावले तर रागावू दे. मी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगून राहिलो, की माझ्या पोरीचं पीठ अजून झालं नाही.

लौकीची भाजी खाऊन खाऊन जीव विटला आहे. तरी घाई करू नको.

तुझे बाबा