पंपाची किल्ली

अहो,

फ्लॅट माझ्या नावावर, म्हणून तुम्ही सोसायटीचे सभासदच नाही, असं निबंधक ऑफिसचे साहेब म्हणाले आणि तुम्ही भर मीटिंगमधून तडक उठून गेलात. पुढचं ऐका. तुमच्या जागी सगळ्यांनी सेक्रेटरी मलाच केलं. नको नको म्हटलं मी, पण मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

सह्या करायला परत गच्चीवर जातेय. पाचूबंदरचे बोंबील तळून झाकून ठेवलेत. पण जेवायच्या आधी पाणी सोडा. पंपाची किल्ली तुमच्याच खिशात गेलीय आणि अख्खी बिल्डिंग बादल्या घेऊन जिन्यात उभी आहे.

ते काम यापुढेही तुमचंच. त्याला सभासद असावं लागत नाही, साहेबांना विचारून घेतलंय.

लतिका